पाना आपल्या हातात, स्टिअरिंग त्यांच्या हातात: किती दिवस?

गो-कार्टिंगचा विषय काढला की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. पहिलं पैसेवाल्यांचं: "हा महागडा खेळ आहे, तुमचं काम नाही." दुसरं आपल्याच माणसांचं: "समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, अत्याचाराचे प्रश्न असताना हे श्रीमंती चोचले कशाला?" बोलणारे वेगळे, हेतूही वेगळे. परिणाम मात्र एकच होतो. ट्रॅकवरची जागा काही रिकामी राहत नाही. ती नेहमीच्याच घरांतल्या मुलांना मिळते आणि पंचविशी-तिशीतला आपला तरुण जाळीबाहेर उभा राहून बघत बसतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्याला वेगाची ओढ आहे अशा आपल्या प्रत्येक तरुण-तरुणीने, वय कितीही असो, कार्टच्या सीटवर बसायला शिकलं पाहिजे. फक्त बाजार दाखवतो त्या रस्त्याने जाऊ नये. गटाने जावं, हिशेब ठेवून जावं आणि या खेळाचं राजकारण समजून घेऊन जावं.

कोण कशावर बसतो?

वरातीत दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून ज्या देशात दगडफेक होते, त्या देशात 'कोण कशावर बसतो' हा प्रश्न कधीच फालतू नव्हता. वाहन ही सोय असते तशीच प्रतिष्ठाही असते. आपल्या वस्तीतली किती पोरं गाड्यांच्या जगात राबतात ते बघा. गॅरेजमध्ये इंजिन उघडतात, पंक्चर काढतात, डेंटिंग-पेंटिंग करतात, टेम्पो-ट्रक चालवतात, कॅबवर बारा-बारा तास बसतात. नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारे कान आपल्याकडे आहेत. पण तीच गाडी मालकासाठी न चालवता स्पर्धेसाठी, स्वतःच्या आनंदासाठी चालवायची म्हटलं की "हे आपलं नाही" असं त्याच पोराला वाटतं. हे वाटणं आभाळातून पडलेलं नाही. ते घडवलेलं आहे.

बाळू पालवणकरांचा इतिहास आठवा. पुण्यात खेळपट्टीवर रोलर फिरवणं, जाळी लावणं अशी कामं करता करता त्यांनी गोऱ्या साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी केली. गोलंदाजी म्हणजे घाम, म्हणून ती त्यांच्या वाट्याला. फलंदाजी म्हणजे मान, म्हणून सरावातही बॅट त्यांच्या हाती दिली जात नव्हती, असं त्यांच्याविषयी सांगितलं जातं. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसाने शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही १९२३ मध्ये, बऱ्याच झगड्यानंतर. मोटर रेसिंगमध्ये आज वेगळं काय चाललंय? पाना फिरवणारा, टायर ढकलणारा, ट्रॅक झाडणारा एका थरातला, आणि सीटवर बसणारा दुसऱ्या थरातला.

कार्ट जन्मली वर्कशॉपमध्ये

हा खेळ जन्मतःच श्रीमंतांचा आहे, हे खोटं आहे. १९५६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल गावात, आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने पहिली कार्ट बनवली. तो रेसिंग गाड्या बांधणाऱ्या एका कंपनीत कामाला होता. लू बोरेली या मित्राच्या मदतीने त्याने साध्या नळ्यांची चौकट जोडली आणि तिच्यावर गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनलेलं, शिल्लक राहिलेलं छोटं इंजिन बसवलं. झाली कार्ट तयार. पॅसाडेना शहरातल्या रोझ बाउल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये ती लोकांसमोर धावली. पुढे लाकूड कापण्याच्या करवतीच्या इंजिनांवरही कार्ट पळू लागल्या. म्हणजे या खेळाचा पाया काय? शिल्लक इंजिन, वेल्डिंग आणि मोकळं पार्किंग. या तिन्ही गोष्टी आपल्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत सापडतील.

मग हा खेळ आपल्या हातातून गेला कसा? जागतिक संघटना आली, वर्ग पडले, ठरावीक कंपनीचेच टायर, ठरावीक कंपनीचंच इंजिन असे नियम आले. समान इंजिन असलं की शर्यत न्याय्य होते, हे खरंच आहे. पण त्या न्यायाच्या दारावर तिकीट लागलं, आणि दर वर्षी ते महाग होत गेलं.

'टॅलेंट असेल तर पुढे येतोच' ही थाप

मेरिटवाल्यांचं आवडतं वाक्य इथेही ऐकू येतं: "स्टॉपवॉच जात बघत नाही." बरोबर, स्टॉपवॉच जात बघत नाही. पण स्टॉपवॉच सुरू होण्याआधी जे घडतं त्याचं काय?

मॅक्स व्हर्स्टापेन साडेचार वर्षांचा असताना कार्टमध्ये बसला. वडील फॉर्म्युला वन ड्रायव्हर, आई स्वतः अव्वल कार्टर. आपल्याकडे आजवर दोनच भारतीय फॉर्म्युला वनची शर्यत धावले. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन, त्यांचे वडील रॅली ड्रायव्हर. २०१० मध्ये करुण चंडोक, त्यांचे वडील आणि आजोबा दोघंही भारतीय मोटर स्पोर्टमधली मोठी नावं. या लोकांच्या कष्टांबद्दल किंवा कौशल्याबद्दल शंका नाही. मुद्दा वेगळा आहे. ज्याला जन्मतःच ट्रॅक मिळतो त्याच्या कौशल्याला 'टॅलेंट' म्हणतात, आणि ज्याला तिशीत पहिल्यांदा हेल्मेट मिळतं त्याला 'हौशी' म्हणतात.

लगेच लुईस हॅमिल्टनचं नाव पुढे केलं जाईल. "बघा, कृष्णवर्णीय, साध्या घरातला, तरी सात वेळा विश्वविजेता!" तर मग हॅमिल्टनची गोष्ट पूर्ण सांगा. आठ वर्षांचा असताना तो शर्यतींत उतरला. त्याचा खर्च भागवायला वडील अँथनी एकाच वेळी अनेक कामं करत होते. १९९८ मध्ये, तेरा वर्षांच्या लुईसला मॅकलॅरेनने आपल्या तरुण ड्रायव्हरांच्या योजनेत घेतलं आणि खर्चाचा डोंगर उतरला. म्हणजे टॅलेंट 'आपोआप' वर आलं नाही, एका संस्थेने हात दिला तेव्हा वर आलं. स्वतः हॅमिल्टन उघडपणे म्हणतो की हा खेळ अब्जाधीशांच्या पोरांचा क्लब झालाय, आणि आजच्या काळात त्याच्यासारख्या घरातल्या मुलाला इथवर पोचता आलं नसतं. एवढ्यावर न थांबता त्याने आयोग नेमला. ब्रिटिश मोटर स्पोर्टमध्ये कृष्णवर्णीय माणसं का नाहीत, याचा त्या आयोगाचा अहवाल २०२१ मध्ये आला. त्यात फक्त ड्रायव्हरांची चर्चा नव्हती. शाळा, शिक्षण, इंजिनिअरिंगमधल्या नोकऱ्या, सगळ्याचा माग होता. अपवादालाच नियमाविरुद्ध पुरावा म्हणून उभं करणं ही प्रस्थापितांची जुनी युक्ती आहे. हॅमिल्टनने ती स्वतःवर चालू दिली नाही. आपणही चालू देऊ नये.

'आता वय गेलं' हे कोण ठरवतं?

दुसरी भिंत वयाची. ग्रॅहम हिल हे नाव लक्षात ठेवा. या इंग्रज तरुणाने गाडी चालवण्याची परीक्षा पास केली तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. पुढे एक जाहिरात वाचून तो ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर गेला. पाच शिलिंगला एक फेरी असा दर होता. त्याने चार फेऱ्या विकत घेतल्या. पुढच्या फेऱ्यांना पैसे नव्हते, म्हणून त्याने मेकॅनिकचं काम धरलं आणि कामाच्या बदल्यात सीट मागितली. नंतर लोटसमध्येही तो मेकॅनिक म्हणूनच शिरला. १९६२ आणि १९६८ असा दोन वेळा तो विश्वविजेता झाला.

तो काळ वेगळा होता. आज तिशीत कार्ट धरून कुणी फॉर्म्युला वनला पोचणार नाही, आणि तसं स्वप्न विकणाऱ्या प्रशिक्षकापासून चार हात लांब राहा. पण फॉर्म्युला वनला पोचायचं नसेल तर खेळायचंच नाही, हा कुठला न्याय? संध्याकाळी टर्फवर क्रिकेट खेळणाऱ्या इंजिनिअरला कुणी विचारतं का, "भारतीय संघात जाणार आहेस काय?" हेतू न सांगता, हिशेब न देता खेळण्याचा हक्क आजवर काही घरांनाच मिळाला. आपल्या पोराने प्रत्येक गोष्टीचा 'उपयोग' सिद्ध करायचा. ही अटच आधी मोडायला हवी.

सुरुवात कशी करायची

आता कामाचं बोलू. भाषणाने कोपरा कापता येत नाही.

एक. कार्ट विकत घेऊ नका. भाड्याच्या ट्रॅकवर जा. तिथे साधारण दोनशे किंवा दोनशे सत्तर सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन असतं, गिअर नसतात, क्लच आपोआप लागतो. उजव्या पायाला अ‍ॅक्सिलरेटर, डाव्या पायाला ब्रेक. दोन्ही एकदम कधीच दाबायचे नाहीत. सात-आठ जणांचा गट करा, सुट्टीचा दिवस टाळून आडवारी जा आणि दरासाठी घासाघीस करा. एकट्याला न परवडणारं सेशन गटाला परवडतं. सहकाराची ही साधी रीत आहे.

दोन. यंत्र समजून घ्या. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. वळणात आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं, पण दांडा एकच, म्हणून आतलं मागचं चाक किंचित उचललं गेल्याशिवाय कार्ट नीट वळत नाही. स्टिअरिंगची भूमिती आणि चौकटीची लवचीकता हे काम करतात. जो स्टिअरिंग ओढून-ताणून फिरवतो, मागचा भाग घसरवत धूर काढतो, तो बघ्यांना वेगवान वाटतो, पण घड्याळात मागे पडतो. गॅरेजमध्ये काम केलेल्या पोराला हे दोन मिनिटांत कळतं. इथे आपण मागे नाही, पुढे आहोत.

तीन. ब्रेक सरळ रेषेत मारा. भाड्याच्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या दांड्यावर असतो, त्यामुळे वळता वळता जोरात ब्रेक मारला की कार्ट गरकन फिरते. आधी ब्रेक, मग वळण, मग आतल्या कडेला स्पर्श, मग बाहेर पडताना पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. आत जाताना संयम, बाहेर येताना वेग. नजर पुढच्या कार्टच्या बंपरवर ठेवू नका, वळण जिथे संपतं तिथे ठेवा.

चार. सेशननंतर वेळेचा कागद मागून घ्या. सगळे आपली सर्वांत वेगवान फेरी बघतात. तुम्ही सगळ्या फेऱ्यांमधला फरक बघा. एकसारख्या दहा फेऱ्या मारता येणं म्हणजे शिकणं. भाड्याच्या सगळ्या कार्ट सारख्या नसतात, म्हणून त्याच नंबरच्या कार्टवर इतरांनी किती वेळ काढला ते पडताळा. वजनाचाही फरक पडतो. हलका माणूस वेगवान दिसला म्हणून खचू नका.

पाच. जीव सांभाळा. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, बंद बूट, हातमोजे. सीट कडक असते, बरगड्यांना मार बसतो, म्हणून सारखं जायचं असेल तर बरगड्यांचं जॅकेट घ्या. आणि मैत्रिणींनो, केस बांधून कपड्याच्या आत, ओढणी-स्कार्फ पूर्ण बाजूला. २०१९ मध्ये हरियाणात पिंजोरला आणि २०२० मध्ये हैदराबादला केस कार्टमध्ये अडकून तरुण स्त्रियांचे जीव गेले. ज्या ट्रॅकवर हे तपासल्याशिवाय कार्ट सोडतात, तिथे पैसे परत मागा आणि बाहेर पडा. सुरक्षितता ही मालकाची मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे.

सहा. झेंडे पाठ करा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून वेगवान कार्ट येतेय, वाट द्या. लाल म्हणजे शर्यत थांबली. काळा म्हणजे तुम्हाला बाहेर बोलावलंय. मार्शल म्हणून काम करायची संधी मिळाली तर सोडू नका. वळणावर दिवसभर उभं राहून चांगल्या ड्रायव्हरची रेषा बघणं हे फुकटातलं शिक्षण आहे. खेळाचे नियम कोण ठरवतं, दंड कोणाला होतो, हेही तिथेच कळतं.

सात. सहा महिने हे केल्यावरच टू-स्ट्रोक कार्टचा विचार करा. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांत वापरली जाणारी रोटॅक्स मॅक्स १२५ सीसीची असते. वरिष्ठ गटात तिची ताकद सुमारे तीस अश्वशक्ती, भाड्याच्या कार्टच्या तिप्पट-चौपट. तीही आधी एका दिवसासाठी भाड्याने घ्या. विकत घेण्याची किंमत लाखांत असते आणि खरा खड्डा त्यानंतर सुरू होतो: टायर, इंजिनची ठरावीक तासांनंतरची उघडझाप, प्रवास, लायसन्स. कर्ज काढून या खड्ड्यात उडी मारणं म्हणजे क्रांती नव्हे.

ट्रॅक नाही, म्हणून हायवे?

एक गोष्ट कठोरपणे सांगायला हवी. वेगाची भूक सगळ्या थरांतल्या तरुणांना असते. ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्याची भूक ट्रॅकवर भागते, हेल्मेट आणि अँब्युलन्सच्या सोबतीने. आपलं पोर तीच भूक रात्री रिंगरोडवर भागवायला जातं, कर्जाच्या बाइकवर, चप्पल घालून. मग पोलिस ठाणं किंवा शवागार. वर्तमानपत्र त्याला 'स्टंटबाज' म्हणतं, आणि ट्रॅकवरच्या मुलाला 'उदयोन्मुख खेळाडू'. हा भाषेचा भेद आपण ओळखायचा. पण म्हणून रस्त्यावरच्या शर्यतीचं समर्थन करायचं नाही. तिथे मरणारा आपलाच, आणि धडकेत सापडणारा पादचारीही बहुतेक आपलाच.

मागायचं काय?

वैयक्तिक जिद्दीच्या गोष्टी मंचावर छान वाटतात, पण जिद्दीने ट्रॅक बांधला जात नाही. भारतात फॉर्म्युला वन आली ती ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर, २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षं. मग करांचा वाद पेटला: हा खेळ की करमणूक? सरकारदरबारी तिला करमणूक मानलं गेलं आणि शर्यत गेली. पुढे २०१९ मध्ये रॅली ड्रायव्हर गौरव गिल यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटर स्पोर्टमधला पहिलाच. म्हणजे हा खेळ आहे हे राज्यसंस्थेने मान्य केलं. मग खेळाच्या सुविधा सार्वजनिक का नाहीत? कुस्तीला तालीम, पोहायला पालिकेचा तलाव, आणि इथे मात्र खासगी तिकीट?

महाराष्ट्रात पाया नाही असं नाही. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. प्रश्न आहे तिथपर्यंत कोण पोचतं हा. म्हणून मागण्या साध्या आणि नेमक्या ठेवू. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत कार्ट बांधणी हा अभ्यासक्रमातला प्रकल्प असावा, आणि बांधणाऱ्या प्रत्येकाला चालवायची पाळी मिळावी. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या टीम कार्ट बनवून स्पर्धांना जातात. तिथे ड्रायव्हरची सीट वर्गणीवर ठरते की वेळेच्या चाचणीवर, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी संघटनेने विचारावा. पालिका आणि औद्योगिक वसाहतींनी रविवारी मोकळी पडणारी पार्किंगं परवानगी, अडथळे आणि अँब्युलन्ससह सरावासाठी द्यावीत. पहिली कार्ट पार्किंगमध्येच धावली होती. आणि खासगी ट्रॅकना सरकारी जमीन किंवा सवलत मिळत असेल, तर त्या बदल्यात ठरावीक तास गरीब घरांतल्या तरुणांसाठी राखीव असावेत.

हे मिळेपर्यंत वाट बघत बसायचं नाही. गट करा, महिन्यातून एकदा ट्रॅकवर जा, वेळेची वही ठेवा, जो शिकला त्याने दुसऱ्या दोघांना शिकवावं. गेटवरचा माणूस कपड्यांकडे बघेल, शेजारच्या कार्टमधला पोरगा तुमच्या पहिल्या फेरीला हसेल. हसू द्या. पहिली फेरी सगळ्यांचीच वाईट असते, फक्त काहींची ती आठव्या वर्षी होऊन गेलेली असते. आपली आज होईल, आणि दुसरी तिच्यापेक्षा बरी असेल.